बे एरियाची लोकसंख्या: ४७ लाख, ७७ लाख की ९७ लाख?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नवऱ्याला सॅन होजेत नोकरी मिळाली आहे, उन्हाळ्यात निघायचंय. बे एरियाची लोकसंख्या शोधली तर एका ठिकाणी ४७ लाख, दुसरीकडे ७७ लाख, तिसरीकडे ९७ लाख दिसते. खरा आकडा कुठला? तिथे भारतीय किती, मराठी किती? आणि लोक बे एरिया सोडून चाललेत म्हणतात, त्यात तथ्य किती?"

तिन्ही आकडे खरे आहेत आणि तिन्ही २०२० च्या एकाच जनगणनेतले आहेत. फरक आहे तो फक्त कुठल्या काउंट्या धरल्या याचा. माझं काम याच आकड्यांचं असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतच असतो. घर बघणारे विचारतात, दुकान टाकणारे विचारतात, मंडळाचे कार्यकर्तेही विचारतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत. त्यातल्या ज्या नऊ काउंट्यांची कडा सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीला भिडते, त्यांना तिथली माणसं बे एरिया म्हणतात. २०२० चे आकडे असे: सँटा क्लारा १९ लाख ३६ हजार, अलामेडा १६ लाख ८२ हजार, काँट्रा कोस्टा ११ लाख ६६ हजार, सॅन फ्रान्सिस्को ८ लाख ७४ हजार, सॅन मटेओ ७ लाख ६४ हजार, सोनोमा ४ लाख ८९ हजार, सोलानो ४ लाख ५३ हजार, मरीन २ लाख ६२ हजार आणि नापा १ लाख ३८ हजार. बेरीज ७७ लाख ६५ हजार ६४०. प्रादेशिक नियोजन करणाऱ्या संस्था हाच आकडा धरतात, कारण त्यांचं कार्यक्षेत्रच या नऊ काउंट्यांचं आहे.

४७ लाखांचा आकडा वॉशिंग्टनहून येतो. केंद्र सरकारचं अर्थसंकल्प कार्यालय देशभरातल्या महानगरांच्या हद्दी आखतं. त्या आखणीत नऊ काउंट्यांचं एक महानगर नाहीच, पाच आहेत. सॅन फ्रान्सिस्को, सॅन मटेओ, मरीन, अलामेडा आणि काँट्रा कोस्टा मिळून एक, तेच ४७ लाख ४९ हजारांचं. सँटा क्लारा आणि तिच्या दक्षिणेची सॅन बेनिटो मिळून दुसरं, सॅन होजे महानगर, बरोब्बर २० लाख ४६८ लोकांचं. नापा, सोलानो, सोनोमा यांची आपापली स्वतंत्र. आणि ९७ लाख १४ हजार म्हणजे ही पाचही महानगरं, शिवाय सँटा क्रूझ, सॅन वॉकीन, स्टॅनिस्लॉस आणि मर्सेड काउंट्या, असा चौदा काउंट्यांचा 'संयुक्त' प्रदेश. ही २०२० च्या जनगणनेच्या वेळची आखणी. दर काही वर्षांनी ती बदलते, म्हणून जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करण्याआधी दोन्हीकडे काउंट्या त्याच आहेत ना, हे बघून घ्यावं. वर्तमानपत्रांतल्या निम्म्या 'धक्कादायक वाढी' तिथेच विरघळतात.

आपल्याकडेही हेच होतं. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई १ कोटी २४ लाख, पण ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई धरून नागरी समूह १ कोटी ८४ लाख. डोंबिवलीचा माणूस रोज सीएसटीला उतरत असला तरी पहिल्या आकड्यात तो नाही.

आता हद्दी कशावरून ठरतात ते. मुख्य निकष म्हणजे कामाला जाणं-येणं. एखाद्या काउंटीतल्या नोकरदारांपैकी किमान २५ टक्के लोक शेजारच्या मध्यवर्ती काउंट्यांमध्ये कामाला जात असतील, किंवा तिथल्या किमान २५ टक्के नोकऱ्या त्या मध्यवर्ती काउंट्यांतले लोक करत असतील, तर ती काउंटी त्या महानगराला जोडतात. दोन महानगरांमधली ये-जा याहून कमी पण दखल घेण्याइतकी असेल, म्हणजे दोन्ही दिशांची टक्केवारी मिळून किमान १५ भरली, तर त्यांना 'संयुक्त' म्हणतात. सँटा क्लारा काउंटीत नोकऱ्याच इतक्या आहेत की तिथल्या बहुतेकांना बाहेर जायची गरज पडत नाही. म्हणून सॅन होजे हे सॅन फ्रान्सिस्कोचं उपनगर ठरत नाही, ते स्वतःच एक केंद्र आहे. दोन्ही शहरांमध्ये जेमतेम ऐंशी किलोमीटर अंतर, मध्ये सलग वस्ती, तरी महानगरं दोन.

याचा तुमच्याशी थेट संबंध आहे. समजा, तुम्ही फ्रीमाँटमध्ये घर घेतलंत. बरेच भारतीय घेतात, सॅन होजे तिथून अगदी जवळ आहे. पण फ्रीमाँट अलामेडा काउंटीत येतं. म्हणजे नवरा रोज सॅन होजेत कामाला, आणि घरातल्या सगळ्यांची मोजणी सॅन फ्रान्सिस्को महानगरात. २०२३ च्या आखणीत तर त्या महानगराच्या नावातलं बर्कली काढून तिथे फ्रीमाँट घातलंय: सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड–फ्रीमाँट. तेव्हा 'सॅन होजे महानगरातले भारतीय' असा तक्ता कुणी दाखवला, तर त्यात फ्रीमाँट नाही, डब्लिन नाही, सॅन रॅमोनही नाही, हे ध्यानात ठेवा. भारतीयांच्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी काही तिथे गळतात.

उलट जे त्यात आहे ते बघून हसू येतं. सॅन बेनिटो काउंटी क्षेत्रफळाने सँटा क्लारापेक्षा मोठी आहे, पण वस्ती अवघी ६४ हजार. गुरांची कुरणं, डोंगर, आणि पिनॅकल्स राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग, जिथे काँडॉर गिधाडं घिरट्या घालतात. तिथल्या हॉलिस्टर गावातून बरीच माणसं सँटा क्लारात कामाला येतात, म्हणून अख्खी काउंटी सॅन होजे महानगरात. त्यामुळे या महानगराची दर चौरस मैल घनता काढली तर साडेसातशेच्या आसपास येते, प्रत्यक्ष सॅन होजे शहराची साडेपाच हजारांच्या वर आहे. काउंटी ही वीट सोयीची खरी, हद्द सहसा बदलत नाही आणि आकडे हवे तेव्हा मिळतात, पण पश्चिम अमेरिकेत या विटा फार मोठ्या आहेत. घनतेवरून कुणी निष्कर्ष काढत असेल तर आधी त्याने भाजक काय घेतलाय ते विचारा.

नावाचंही तसंच. संयुक्त प्रदेशाच्या अधिकृत नावात सॅन होजे आधी, सॅन फ्रान्सिस्को नंतर. सॅन फ्रान्सिस्कोकरांना हे कधीच रुचलेलं नाही, पण नियम साधा आहे: ज्या शहराची लोकसंख्या जास्त त्याचं नाव आधी. १९५० मध्ये सॅन फ्रान्सिस्को पावणेआठ लाखांचं होतं आणि सॅन होजे ९५ हजारांचं, जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागांमधलं गाव. मग डच हॅमन नावाच्या सिटी मॅनेजरने १९५० ते १९६९ या काळात आजूबाजूची जमीन शहराच्या हद्दीत ओढायचा सपाटा लावला. सतरा चौरस मैलांचं शहर सव्वाशेच्या पुढे गेलं. १९९० च्या जनगणनेत सॅन होजेने सॅन फ्रान्सिस्कोला मागे टाकलं आणि २०२० मध्ये ते १० लाख १३ हजारांवर होतं. सॅन फ्रान्सिस्कोला पसरायला जागाच नाही. १८५६ मध्ये त्याचं शहर आणि काउंटी एक झाली, दक्षिणेचा भाग तोडून सॅन मटेओ काउंटी केली, तेव्हापासून सत्तेचाळीस चौरस मैल आणि तिन्ही बाजूंनी पाणी.

आता लोक पळून चाललेत का, ते. इथे हद्दीचा खेळ सर्वांत जास्त दिसतो.

२०१० ते २०२० या दशकात नऊ काउंट्यांत ६ लाख १५ हजारांची भर पडली, म्हणजे ८.६ टक्के. ही वाढ सगळीकडे सारखी नव्हती. नापात दहा वर्षांत जेमतेम दीड हजार माणसं वाढली. सोनोमात पाच हजार. २०१७ च्या वणव्यात सँटा रोझामधली हजारो घरं जळाली त्याचाही त्यात वाटा आहे. अलामेडा ११.४ टक्क्यांनी वाढली आणि त्या वाढीतला सुमारे सातवा हिस्सा एकट्या डब्लिनचा. ४६ हजारांचं गाव दहा वर्षांत साडेबाहत्तर हजारांवर गेलं. तिथल्या नव्या इमारतींच्या पाट्या आणि शाळांचे हजेरीपट बघितले तर कोण आलं ते सांगायला लागत नाही.

मग करोना आला. जुलै २०२० ते जुलै २०२१ या एका वर्षात सॅन फ्रान्सिस्कोची लोकसंख्या अंदाजे ६ टक्क्यांनी घटली. सँटा क्लाराही घटली. मथळे आले: बे एरिया रिकामा होतोय. त्यात खोटं काही नाही, पण ते वाचताना दोन गोष्टी डोक्यात हव्यात.

पहिली म्हणजे देशांतर्गत स्थलांतरात इथल्या मोठ्या काउंट्या करोनाच्या कितीतरी आधीपासून तोट्यात आहेत. सँटा क्लारात इतर राज्यांतून आणि काउंट्यांतून येणाऱ्यांपेक्षा तिकडे जाणारे जास्त, हे वर्षानुवर्षं चाललेलं आहे. ती तूट दोन गोष्टींनी भरून निघायची, जन्म आणि परदेशातून येणारे. २०२०-२१ मध्ये व्हिसा कार्यालयं बंद होती, विमानं बंद होती. भरणारा हातच थांबला, म्हणून गळती उघडी पडली. पुढे व्हिसा सुरू झाले तसा आकडा हळूहळू सावरायला लागला. तेव्हा तुम्ही ज्या वाटेने जाताय ती वाट या प्रदेशाच्या लोकसंख्येला आधार देणारी आहे.

दुसरी, जाणारे कुठे गेले? सगळे टेक्सासला वगैरे नाही गेले, बरेच जण पूर्वेकडच्या ऑल्टमाँट खिंडीपलीकडे गेले. सॅन वॉकीन काउंटी २०१० ते २०२० मध्ये ६ लाख ८५ हजारांवरून ७ लाख ७९ हजारांवर गेली, १३.७ टक्के, नऊ काउंट्यांच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त. ट्रेसी, मँटिका, लेथ्रॉप ही नावं तुम्हाला तिथे गेल्यावर ऐकू येतील. आणि माउंटन हाउस. २०२० मध्ये साडेचोवीस हजारांची ही वसाहत २०२४ मध्ये स्वतंत्र शहर झाली. इथे भारतीय कुटुंबं भरपूर आहेत. गणित साधं असतं: सँटा क्लारात जेवढ्यात जुनं दोन बेडरूमचं घर मिळतं, तेवढ्यात इकडे नवं, चार बेडरूमचं, अंगणासकट. किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. पहाटे पाचच्या आत गाडी ५८० क्रमांकाच्या महामार्गावर काढायची, नाहीतर खिंडीच्या चढावर अडकायचं. किंवा स्टॉकटनहून सॅन होजेला जाणारी एस ही रेल्वे पकडायची. १९९८ पासून ती चालते. सकाळी तिकडे, संध्याकाळी इकडे, आपल्या कर्जत-कसारा लोकलच्या प्रवाशांना हे वेगळं समजावायला नको.

जनगणनेच्या भाषेत या कुटुंबाने बे एरिया 'सोडला'. पगार तिथलाच, कंपनी तीच, दातांचा डॉक्टरही बहुधा अजून सँटा क्लारातल्या सनीवेलचाच. नऊ काउंट्यांच्या हिशोबात एक कुटुंब वजा, चौदा काउंट्यांच्या हिशोबात काही फरक नाही. म्हणून स्थलांतराबद्दल कुणी मला विचारलं तर मी चौदा काउंट्यांचा आकडा समोर ठेवतो. घरांचा, शाळांचा, स्थानिक करांचा प्रश्न असेल तर नऊ. नोकरीचा बाजार, पगार, बेरोजगारी यांचे सरकारी आकडे महानगरनिहाय येतात, तिथे पाच आणि दोन काउंट्यांचा हिशोब घेण्यावाचून गत्यंतर नाही.

घरांचा तुटवडा या सगळ्याच्या मुळाशी आहे. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या, मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने जुन्या घरमालकांचा मालमत्ता कर जवळजवळ गोठवला, त्यामुळे विकून हलण्यात तोटा. गावोगावच्या नियमांनी बहुतेक निवासी जमीन एका-एका बंगल्यासाठी राखलेली. नोकऱ्या वाढत गेल्या, घरं त्या मानाने बांधलीच नाहीत. २०२३ ते २०३१ या काळात नऊ काउंट्यांनी मिळून ४ लाख ४१ हजार घरांची सोय करावी असं लक्ष्य राज्याने दिलंय. ते गाठलं जाईल असं मला वाटत नाही. डोळ्यांसमोर दिसणारा बांधकामाचा वेग तसा नाही.

या तुटवड्याची झळ सगळ्यांना सारखी बसली नाही. ओकलंडमध्ये १९८० साली जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची होती, आज ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९७० मध्ये सुमारे १३ टक्के, आता ५ च्या आसपास. ती कुटुंबं अँटिऑक, व्हॅलेहो, स्टॉकटनकडे सरकली. काउंटीनिहाय तक्त्यात हे 'काँट्रा कोस्टा आणि सोलानोमधली विविधता वाढली' असं गोंडस दिसतं. ओकलंडचा रकाना शेजारी ठेवला की त्याच वाक्याचा अर्थ कळतो. आपल्या लोकांत बे एरियाच्या वैविध्याचं कौतुक करताना ही बाजू क्वचितच निघते, म्हणून मुद्दाम लिहिली.

आता भारतीय. सँटा क्लारा काउंटीत सुमारे ३९ टक्के लोक आशियाई वंशाचे आहेत. तिथला तो सर्वांत मोठा गट आहे, गोऱ्यांपेक्षा मोठा. दहातले जवळपास चार जण परदेशात जन्मलेले. चिनी, व्हिएतनामी, फिलिपिनो आणि भारतीय हे त्यातले मोठे घटक. 'एशियन इंडियन' हा वेगळा रकाना जनगणनेच्या फॉर्मवर १९८० मध्ये पहिल्यांदा आला. त्याआधी १९७० मध्ये भारतीयांची गणना गोऱ्यांत होत होती. म्हणजे १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या पहिल्या पिढीचा नेमका माग या आकड्यांतून काढता येत नाही. २०२० मध्ये देशभरात फक्त भारतीय वंश नोंदवणारे सुमारे ४४ लाख भरले, आणि आशियाई गटांत या मापाने ते पहिल्या क्रमांकावर आले.

मराठी किती, हे मात्र अवघड दुखणं आहे. अमेरिकेची जनगणना धर्म विचारत नाही, भाषाही विचारत नाही. भाषेचा प्रश्न असतो तो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत. हा वेगळा, वर्षभर चालणारा नमुना सर्व्हे, साधारण ३५ लाख पत्त्यांवर जातो. त्यात पाच वर्षांवरील प्रत्येकाबद्दल विचारतात की घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, आणि कुठली. भाषा एकच लिहायची. सासू-सासऱ्यांशी मराठी, नवऱ्याशी हिंदी, मुलांशी इंग्रजी असं घर असेल तर फॉर्म भरणारा जे लिहील ते. मुलांच्या नावापुढे 'नाही' अशी खूण झाली की ती मुलं भाषेच्या तक्त्यातून गेली.

पुढची गंमत छापील तक्त्यात. काउंटीनिहाय भाषांच्या मुख्य तक्त्यात तेलुगूला स्वतंत्र ओळ आहे, तमिळला आहे, गुजराती, हिंदी, बंगाली, पंजाबी सगळ्यांना आहे. मराठी आहे 'नेपाळी, मराठी आणि इतर इंडिक भाषा' या एका ओळीत. बे एरियात नेपाळीही चांगल्या संख्येने आहेत, तेव्हा ती ओळ मराठी म्हणून वापरता येत नाही. पण मी ती तशी वापरलेली पाहिली आहे. देशपातळीवरच्या सविस्तर यादीत २००९-१३ या काळासाठी घरी मराठी बोलणारे सुमारे ७३ हजार होते आणि तेलुगू बोलणारे अडीच लाखांच्या जवळपास. त्यानंतर दोन्ही वाढलेत, पण प्रमाणाचा अंदाज यायला तेवढं पुरे.

आणि आई-बाबा? हा प्रश्न हमखास येतो. सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत मोजले जात नाहीत, कारण ते पाहुणे; तिथे नेहमीचं राहतं घर बघतात. तुम्ही मात्र एच-वन किंवा एच-फोर कुठल्याही व्हिसावर असलात तरी मोजले जाता, कारण तुम्ही तिथे राहता. कम्युनिटी सर्व्हेचा नियम वेगळा आहे. त्या फॉर्मवर दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ राहणाऱ्या प्रत्येकाला धरा, असं लिहिलेलं असतं. म्हणजे त्याच घरातली, तीच आजी एका मोजणीत नाही आणि दुसरीत आहे. सर्व्हेची एकूण संख्या काउंटीच्या अधिकृत अंदाजाशी जुळवून घेतात, त्यामुळे बेरीज वाढत नाही, पण ज्येष्ठांचं किंवा मराठी बोलणाऱ्यांचं प्रमाण थोडं हलू शकतं. उन्हाळ्यात संध्याकाळी सनीवेलच्या बागांमध्ये फेऱ्या मारणाऱ्या आजी-आजोबांची गर्दी बघितली की हा मुद्दा पुस्तकी वाटत नाही.

तरी आकडा हवाच असेल, तर सर्व्हेची पाच वर्षांची सूक्ष्म नमुना फाइल घ्यावी, म्हणजे नावं काढून टाकलेली एकेका माणसाची उत्तरं. तीत मराठीला स्वतःचा संकेतांक आहे. ती किमान एक लाख वस्तीच्या तुकड्यांत विभागलेली असते, त्यातले सँटा क्लारा आणि अलामेडाचे सगळे, काँट्रा कोस्टातला सॅन रॅमोनकडचा आणि सॅन वॉकीनमधला ट्रेसीकडचा तुकडा असे निवडावेत. एक वर्षाची फाइल घेऊ नये, नमुना फार लहान पडतो. जो आकडा येईल त्याच्याबरोबर संभाव्य चुकीची मर्यादा काढावी आणि दोन्ही एकत्रच सांगावेत. ही मर्यादा ९० टक्के खात्रीची असते, आणि एखाद्या तुकड्यात ती आकड्याच्या निम्म्याइतकी आली तर तो तुकडा वेगळा न सांगता शेजारच्यात मिळवून टाकावा.

मराठी मंडळाच्या सभासदांची यादी घेऊन तिला चाराने गुणणं हा दुसरा लोकप्रिय मार्ग. २०२४ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या मध्यवर्ती संघटनेचं, अधिवेशन सॅन होजेत झालं तेव्हाही असे हिशोब बरेच ऐकायला मिळाले. सभागृहात खुर्च्या किती लावायच्या यासाठी तो हिशोब ठीक आहे. शाळेच्या जिल्ह्याकडे (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेकडे) मराठीला जागतिक भाषेचं श्रेय द्या म्हणून अर्ज करायचा असेल, तर नमुना फाइलमधला आकडा द्या, आणि तो त्या जिल्ह्याच्या हद्दीत नीट बसवून द्या. शाळांचे जिल्हे काउंटीच्या हद्दी पाळत नाहीत, आणि शहरांच्याही नाहीत. सॅन होजेचा पत्ता असलेली काही मुलं क्युपर्टिनोच्या शाळेत जातात. घर बघताना हे आधी तपासा, लोकसंख्या नंतर बघता येईल.